दापोड्याच्या वखारी व नाना शंकरशेट

मुंबई-नाशिक महामार्गावर माणकोली नाक्यापाशीं उतरून दापोड्याच्या वाटेला लागलें म्हणजे दुतर्फा पत्र्याच्या प्रचंड वखारींच्या ओळी दिसूं लागतात. एका पिढीपूर्वीं ज्या खाचरांत भात डोलत असे, तेथें आतां कापड, औषधें, साबण, विजेचीं यंत्रें, पादत्राणें, घरोघर पोंचवावयाच्या पुडक्यांचे ढीग असा साऱ्या देशाचा माल रात्रंदिवस उतरतो व चढतो. या वखारी कोणा राजानें वसविल्या नाहींत. त्या एका कराच्या भिंतीनें वसविल्या. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत माल शिरतांना जकात द्यावी लागे, आणि मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द येथील नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा तासन्‌तास खोळंबत. तेव्हां माल हद्दीबाहेर, परंतु मुंबईच्या अगदीं उंबरठ्याशीं उतरवून ठेवावा, आणि मागणी येईल तसतसा आंत न्यावा, म्हणजे जकातीची रक्कम आधींच अडकून पडत नाहीं, हा साधा हिशेब व्यापाऱ्यांनीं केला. आणि भिवंडी तालुक्यांतील दापोडे, माणकोली, राहनाळ, पूर्णा, वळ या गांवांचें रूप पालटलें. पुढें १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला. ज्या जकातीपासून मुंबईच्या पालिकेस वर्षाला सात हजार कोटी रुपयांच्या आसपास उत्पन्न होई ती जकात एका रात्रींत उठली आणि नाके ओस पडले. ज्या भिंतीच्या आडोशास वखारी उभ्या राहिल्या ती भिंतच गेल्यावर वखारींचें काय होणार, अशी चिंता दापोड्याच्या जमीनमालकांस वाटणें स्वाभाविक होतें.

वखारी गेल्या नाहींत, उलट वाढल्या. याचें कारण असें कीं, पूर्वीं एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत माल विकला तर केंद्रीय विक्रीकर पडे, आणि तोच माल आपल्याच वखारींत हलविला तर तो चुके. म्हणून मोठ्या कंपन्या प्रत्येक राज्यांत एकेक लहान वखार बाळगून असत. नव्या करानें ती गरज संपविली. मग अनेक लहान वखारींऐवजीं थोड्या पण विस्तीर्ण वखारी हव्याशा झाल्या, आणि न्हावाशेवा बंदर, मुंबईची पेठ व उत्तरेकडील महामार्ग हे तिन्ही ज्या ठिकाणापासून सोईचे आहेत, तें ठिकाण आपोआप निवडलें गेलें. म्हणजे दापोड्यास जकातीनें जन्म दिला खरा, पण जकातीच्या मृत्यूनंतर त्यास रस्त्यांनीं व बंदरानें तारलें. यांत दापोड्याच्या शहाणपणाचा भाग किती व दैवाचा किती, हा आमच्या मतें विचार करण्यासारखा प्रश्न आहे. कारण धोरण पुन्हां बदलेल तेव्हां दैव दुसऱ्या खेपेसही अनुकूल पडेलच असें नाहीं.

धोरण बदललें म्हणजे धंद्याचें काय होतें, आणि धंदेवाल्यानें अशा वेळीं काय करावें, हा प्रश्न ठाणे जिल्ह्याला नवा नाहीं. भिवंडीच्या पूर्वेस याच जिल्ह्यांत मुरबाड आहे. तेथें १० फेब्रुवारी १८०३ रोजीं जन्मलेल्या एका गृहस्थाच्या आयुष्यांत राज्य बदललें, नाणें बदललें, जकाती उठल्या, कंपनीचे मक्ते गेले, बैलाच्या जागीं वाफेचें यंत्र आलें. आणि प्रत्येक बदलानंतर तो गृहस्थ पूर्वींपेक्षां कांकणभर अधिकच प्रतिष्ठित झालेला दिसतो. मुंबईच्या नाना चौकांतून रोज ये-जा करणाऱ्यांपैकीं किती जणांस हा नाना कोण हें ठाऊक असेल, कोण जाणे! आमच्या व्यापारी बंधूंनीं तरी तें अवश्य ठाऊक करून घ्यावें, म्हणून जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना शंकरशेट यांचें चरित्र आज आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

नानांचें घराणें दैवज्ञांचें. अठराव्या शतकांत नानांचे आजोबा बाबुलशेट मुंबईस आले, आणि वडील शंकरशेट यांनीं व्यापारांत मोठी दौलत मिळविली. नानांस त्यांनीं घरींच शिक्षक ठेवून इंग्रजीसुद्धां उत्तम शिक्षण दिलें, ही गोष्ट त्या काळीं सामान्य नव्हती. १८२२ सालीं शंकरशेट वारले, तेव्हां नाना एकोणीस वर्षांचे होते. वडिलोपार्जित संपत्ति हातीं आलेल्या तरुणास बिघडावयास जेवढीं साधनें लागतात तेवढीं सर्व त्यांस उपलब्ध होतीं. शिवाय गिरगांव-ताडदेवच्या बाजूस घराण्याची विस्तीर्ण मालमत्ता होती, आणि मुंबई वाढत चालली होती. म्हणजे कांहीं न करतां केवळ जमिनीच्या वाढत्या किंमतीवर सुखानें बसून खाणें त्यांस सहज शक्य होतें. दापोड्याच्या ज्या कुटुंबांत आज वखारीचें भाडें महिन्याच्या महिन्यास येतें, त्यांनीं नानांची ही स्थिति नीट लक्षांत घ्यावी. ती त्यांच्या स्थितीहून फार वेगळी नव्हती.

आतां त्या काळचे बदल पाहूं. नाना दहा वर्षांचे असतांना, १८१३ च्या सनदेनें, ईस्ट इंडिया कंपनीचा हिंदुस्थानच्या व्यापारावरील मक्ता गेला, आणि खाजगी इंग्रज पेढ्या मुंबईंत येऊं लागल्या. पंधरा वर्षांचे असतांना पेशवाई बुडाली व देशावरील पेठा मुंबईच्या सरकारखालीं आल्या. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८३३ सालीं चीनच्या व्यापाराचा मक्ताही संपला. १८३५ सालीं सर्व ब्रिटिश मुलखास एकच कंपनी रुपया लागू झाला. या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व आज सहज ध्यानांत येत नाहीं. तोंपर्यंत अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना प्रकारचे रुपये बाजारांत चालत. एका पेठेंतील नाणें दुसऱ्या पेठेंत नेलें कीं बट्टा द्यावा लागे, आणि त्या बट्ट्यावर सराफकट्ट्यावरील शेंकडों कुटुंबें पोसलीं जात. पारख हीच त्यांची विद्या आणि हीच त्यांची मिळकत. कलकत्त्यास एक कायदा झाला आणि ती विद्या जवळजवळ निरुपयोगी ठरली. मागाहून १८३८ सालीं मुंबई इलाख्यांतील अंतर्गत वाहतुकीच्या जकाती रद्द झाल्या. गांवोगांवच्या नाक्यांवर बैलांच्या तांड्यांस अडवून घेतल्या जाणाऱ्या या जकातींनीं व्यापाराचा श्वास कोंडला होता. पण त्याच नाक्यांच्या आश्रयानें जगणारे इजारदार, कारकून, दलाल, मुक्कामाचे दुकानदारही होते. जकात उठतांच व्यापार मोकळा झाला आणि हे मात्र उघडे पडले. मुलुंडच्या नाक्यावर २०१७ सालीं जें घडलें त्याची रंगीत तालीम आमच्या आजोबा-पणजोबांनीं एकशें ऐंशीं वर्षांपूर्वींच पाहिली होती.

अशा काळांत नानांचा धंदा टिकला तो कशाच्या जोरावर? आमच्या मतें, नाण्याची पारख जुनी झाली तरी माणसाची पत जुनी होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. अरब, अफगाण व इतर परदेशी व्यापारी आपली रोकड व जवाहीर नव्या पेढ्यांत न ठेवतां नानांच्या स्वाधीन करून निर्धास्तपणें मायदेशीं जात, असें त्यांच्याविषयीं सांगतात. ज्या माणसाच्या भाषेचें अक्षर कळत नाहीं, ज्याचा धर्म निराळा, ज्याच्यावर येथील कोणत्याही पंचायतीचा अंमल नाहीं, तो आपलें सर्वस्व एखाद्याच्या ओसरीवर ठेवून जातो, यांतच त्या ओसरीची किंमत आली. पुढें बँका आल्या. १८४० सालीं मुंबई बँक निघाली. व्याजाचा दर, मुदत, गहाण, विमा, सर्व कागदोपत्रीं होऊं लागलें. शब्दावर चालणाऱ्या जुन्या पेढीला ही मोठीच अडचण. पण नाना त्या कागदाशीं भांडत बसले नाहींत. तो वाचणारीं माणसें आपल्या समाजांत निर्माण झालीं पाहिजेत, हा मार्ग त्यांनीं धरला.

म्हणून त्यांच्या चरित्रांत शाळांचा विषय इतका वारंवार येतो. व्यापाऱ्यानें शाळेस देणगी देणें हा पुण्याचा एक प्रकार आहे, असें आमच्याकडे मानलें जातें, आणि देणगीचा दगड भिंतींत बसविला कीं विषय संपतो. नानांचें तसें नव्हतें. एल्फिन्स्टन साहेबांच्या वेळीं मुंबईंत शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं जी मंडळी स्थापन झाली तींत विशीच्या उंबरठ्यावरील नाना प्रथमपासून होते. साहेब १८२७ सालीं परत गेले तेव्हां लोकांनीं त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपये जमविले, व त्या निधींतून जें विद्यालय उभें राहिलें त्याच्या व्यवस्थेंत नानांचा हात शेवटपर्यंत राहिला. १८४० सालीं सरकारनें शिक्षणमंडळ नेमलें, तेव्हां त्यावरील तीन एतद्देशीय सभासदांत एक नाना, दुसरे फ्रामजी कावसजी व तिसरे महंमद इब्राहीम मक्बा होते. याच मंडळांत पुढें तो प्रसिद्ध वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सरन्यायाधीश. त्यांचें मत असें कीं, वरचें शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें व थोड्यांसच द्यावें. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत, इंग्रजी शाळांसाठीं झटत. तरी बहुजनसमाजास ज्ञान पोंचावयाचें तर तें देशभाषेंतूनच पोंचेल, असें त्यांनीं कर्नल जर्व्हिस यांच्या जोडीनें आग्रहानें प्रतिपादिलें. सरन्यायाधीशास तोंडावर विरोध करणें एका सावकारास परवडण्यासारखें नव्हतें. नानांनीं तो केला.

या वादाचा व्यापाराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. आम्ही म्हणतों, फार निकटचा. धोरण बदलतें तें कायद्याच्या भाषेंत बदलतें. जकात उठल्याची, नाणें बदलल्याची, कंपनीचे भाग निघाल्याची बातमी ज्यास स्वतः वाचतां येत नाहीं, त्यास ती दलालाच्या तोंडून कळते; आणि दलालास जेवढी सांगावीशी वाटेल तेवढीच कळते. देशभाषेंत शिक्षण म्हणजे किराणा दुकानदाराच्या, कोष्ट्याच्या, कुणब्याच्या हातीं त्या कायद्याची किल्ली देणें होय. आजही वस्तु व सेवा कराचें विवरणपत्र भरावयास गांवचा दुकानदार दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, यावरून पेरीसाहेबांचें मत अंशतः खरें ठरलें कीं काय, अशी शंका येते!

स्त्रीशिक्षणासंबंधीं नानांनीं केलेलें कामही येथेंच सांगितलें पाहिजे. १८४९ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयाच्या तरुणांच्या सभेनें मुलींच्या शाळा काढल्या. त्या वेळीं मुलीच्या हातीं पाटी देणें म्हणजे घरावर संकट ओढवून घेणें, अशी समजूत होती. शाळेस जागा कोण देणार? नानांनीं आपल्या वाड्याच्या आवारांत मुलींच्या शाळेस जागा दिली. सतीच्या चालीस १८२९ सालीं बंदी झाली तिलाही त्यांचा पाठिंबा होता. जातीची व पैशाची प्रतिष्ठा असलेला गृहस्थ सुधारणेच्या बाजूस उभा राहिला म्हणजे शंभर व्याख्यानांचें काम होतें. पैसा असून जे अशा वेळीं तटस्थ राहतात, त्यांस आम्ही निरुपद्रवी म्हणण्यास तयार नाहीं.

आतां आगगाडीकडे वळूं. १८४४-४५ च्या सुमारास मुंबईहून घाटाकडे लोखंडी रस्ता न्यावा अशी चर्चा सुरू झाली. तिच्या मुळाशीं कापूस होता. वऱ्हाड-खानदेशांतून कापूस बैलांच्या पाठीवर घाट उतरून येई. वाटेंत धूळ, पाऊस, चोरी. कित्येक बैल मरून पडत, आणि उरलेला माल कळकट होऊन मुंबईस पोंचे. इंग्लंडच्या गिरण्यांस हा माल पुरेसा व स्वच्छ पाहिजे होता. नाना व सर जमशेटजी जिजीभाई यांनीं ही कल्पना उचलून धरली, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी उभी राहिली तेव्हां तिच्या येथील मंडळांत हे दोघेच हिंदी गृहस्थ होते. कंपनीचें पहिलें कार्यालय नानांच्याच घरांत होतें असें सांगतात. १८४९ सालीं विलायतेच्या पार्लमेंटनें कंपनीस मान्यता दिली, १८५० च्या अखेरीस शीव येथें काम सुरू झालें, आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं बोरीबंदराहून चौदा डब्यांची गाडी सुमारें चारशें आमंत्रितांस घेऊन ठाण्यास निघाली. एकवीस मैलांचें अंतर. दुसऱ्या वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, ती कल्याणास पोंचली.

येथें आम्हांस थोडें थांबून स्पष्ट बोललें पाहिजे. ही आगगाडी धर्मार्थ आली नाहीं. कंपनीच्या भांडवलावर शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी सरकारनें दिली होती. नफा न झाला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलांतून, म्हणजे रयतेच्या खिशांतून, भरून द्यावयाची होती. विलायती भागीदारास धोका नाहीं आणि येथील शेतकऱ्यास कर चुकत नाहीं, असा हा सौदा होता. शिवाय जी गाडी कापूस खालीं आणी तीच मँचेस्टरचें कापड वर नेई, आणि ज्या ज्या पेठेपर्यंत ती पोंचली तेथील कोष्ट्याचा माग थंडावला. नानांसारख्या चतुर माणसास यांतील कांहींच दिसलें नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु मार्ग थांबवितां येत नसेल तर त्यावर आपलींही माणसें पाहिजेत, असा त्यांचा व्यवहारी विचार असावा. तो सर्वस्वी बरोबर होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण बाहेर राहून केवळ हळहळणाऱ्यांच्या हातीं त्या काळीं काय आलें, तेंही पाहिलें पाहिजे.

भिवंडीच्या हातीं काय आलें तें तर याच जिल्ह्याचा इतिहास सांगतो. जुन्या काळीं भिवंडी हें खाडीवरील नांवाजलेलें बंदर. देशावरील माल थळघाटानें व आग्रारस्त्यानें उतरे, भिवंडी-कल्याणच्या धक्क्यांवर होड्यांत भरला जाई व भरतीबरोबर मुंबईस जाई. आगगाडी ठाण्याहून पारसिकचा डोंगर फोडून कल्याणास गेली आणि भिवंडी एका बाजूस राहून गेली. १८६३ सालीं बोरघाट व १८६५ च्या आरंभीं थळघाट आगगाडीनें ओलांडला, तेव्हां देशावरील मालास भिवंडीच्या धक्क्याची गरजच उरली नाहीं. एका नकाशावरील एका रेघेनें शतकांचें बंदर मागें पडलें. पण गांव मेलें नाहीं. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें हातमाग चालविले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावांत हातमागाच्या जागीं यंत्रमाग येऊं लागले, आणि ज्या भिवंडीस आगगाडीनें टाळलें ती भिवंडी यंत्रमागाच्या कापडासाठीं साऱ्या देशांत प्रसिद्ध झाली. पुढें मालमोटारींचा काळ आला, तेव्हां तोच जुना आग्रारस्ता महामार्ग झाला आणि भिवंडीचें स्थानमाहात्म्य परत आलें. दापोड्याच्या वखारी ही त्याच गोष्टीची पुढची कडी आहे. त्याच कडीशेजारीं यंत्रमागांची खडखड मात्र कमी होत चालली आहे, हेंही विसरतां येत नाहीं.

नानांच्या सार्वजनिक मानमरातबांची यादी मोठी आहे. ती आम्ही येथें देत बसत नाहीं. दोन गोष्टी मात्र सांगावयाच्या. २६ ऑगस्ट १८५२ रोजीं मुंबईंत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. सर जमशेटजी सन्मान्य अध्यक्ष व नाना अध्यक्ष, डॉ. भाऊ दाजी व नानांचे चिरंजीव विनायकराव चिटणीस. कंपनीची सनद पुन्हां मंजूर होण्याची वेळ आली होती. ती संधि साधून या सभेनें पार्लमेंटकडे अर्ज केला: राज्यकारभार फार खर्चाचा आहे, कायदे करणाऱ्या मंडळांत येथील लोक नाहींत, शिक्षणावर होणारा खर्च अपुरा आहे. म्हणजे आतांपर्यंत जो व्यापारी धोरण बदललें कीं स्वतः बदले, तोच आतां धोरण करणाऱ्यांच्या बैठकींत आपली जागा मागूं लागला. आमच्या मतें नानांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें स्थित्यंतर हेंच. दहा वर्षांनीं, १८६२ सालीं, मुंबईच्या कायदेकौन्सिलांत नानांची नेमणूक झाली. मधल्या काळांत, १८५७ च्या धामधुमींत, त्यांच्यावर बंडवाल्यांशीं संधान असल्याचा संशय घेण्यांत आला होता व तो निराधार ठरला होता. ज्या सरकारानें संशय घेतला त्याच सरकारास पांच वर्षांनीं त्यांस मानानें बोलावणें भाग पडलें.

याच सुमारास मुंबईवर तें विलक्षण भाग्य कोसळलें. कोसळलें हाच शब्द आम्ही हेतुपुरस्सर योजितों. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू झाली, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. सुमारें आठ कोटी पौंडांची जादा संपत्ति या चार-पांच वर्षांत मुंबईंत आली, असा अजमास त्या काळीं सांगत. एवढा पैसा ठेवावा कोठें? मग बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या भागांवर सट्टा निघाला. प्रेमचंद रायचंद यांच्या एका होकारावर भागांचे भाव चढत. कारकून, शिक्षक, डॉक्टर, वकील, कोणी मागें राहिला नाहीं. खुद्द डॉ. भाऊ दाजींसारखे विद्वान या सट्ट्यांत धुऊन निघाले. १८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील युद्ध संपलें. बातमी मुंबईस येतांच कापूस घसरला, आणि १ जुलै १८६५ रोजीं, मुदतीच्या सौद्यांचा फडशा पाडावयाच्या दिवशीं, कोणीच कोणाचे पैसे देऊं शकेना. मोठमोठ्या पेढ्यांनीं दिवाळीं काढलीं. स्वतः मुंबई बँक, जिला सरकारचा आधार होता, तीही पुढें मोडीत काढावी लागली व १८६८ सालीं नव्यानें उभारावी लागली.

जुलैची पहिली तारीख दोनदां मुंबईच्या व्यापाराच्या इतिहासांत आली हा केवळ योगायोग; पण १८६५ च्या त्या तारखेंत दापोड्यानें वाचण्यासारखें बरेंच आहे. बाहेरच्या कारणानें आलेली तेजी ही आपल्या कर्तबगारीची आहे असें ज्यांनीं मानलें ते बुडाले. त्या तेजींतील पैसा गिरण्यांत, गोदींत, शिक्षणांत घालणारे थोडे होते. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं काढलेली कापडाची गिरणी नफ्याची ठरली होती, आणि ती वाट सर्वांस दिसत होती, तरी कागदाचे तुकडे विकत घेणारेच बहुत. आज दापोड्याच्या परिसरांत जमिनीस जो भाव व वखारीस जें भाडें येतें तेंही बाहेरच्या कारणांनीं आलें आहे. तें भाडें कोठें जातें? मोटारी, लग्नें, बंगले यांत किती, आणि गांवच्या मुलांस वखारीचें हिशेबशास्त्र, शीतगृहाची व्यवस्था, यंत्रांची दुरुस्ती, मालाच्या विम्याचा कायदा शिकविण्यांत किती? ज्या जमिनीवर वखार उभी आहे त्या जमिनीच्या जुन्या मालकाचा मुलगा त्याच वखारींत रोजंदारीवर हमाली करीत असेल, आणि कागद सांभाळणारा परगांवाहून आणावा लागत असेल, तर भाडें कितीही येवो, तें गांव श्रीमंत झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. दुसरें असें कीं, या भागांतील पुष्कळ वखारी रीतसर परवानगीवांचून उभ्या राहिल्या व प्रकरणें न्यायालयापर्यंत गेलीं. आग लागली म्हणजे पाण्याचा बंब आंत शिरेल एवढा रस्ता कित्येक ठिकाणीं नाहीं. ज्या दिवशीं मोठ्या कंपन्यांस दुसरीकडे रुंद रस्ते व निर्वेध कागदपत्रें मिळतील, त्या दिवशीं त्या दापोड्यासाठीं अश्रु ढाळीत थांबणार नाहींत. भिवंडीच्या धक्क्यासाठीं आगगाडी थांबली नव्हती. ग्रामपंचायतींनीं, जमीनमालकांनीं व वखारवाल्यांनीं एकत्र बसून नकाशे कायदेशीर करून घेणें, रस्ते सोडणें, अग्निशामक व्यवस्था करणें, आणि भाड्याच्या उत्पन्नांतून गांवांत मुलामुलींसाठीं व्यापारशिक्षणाची एक चांगली शाळा चालविणें, हें आजच करण्यासारखें आहे. तेजी आहे तोंवर हें स्वस्तांत होतें.

त्या वादळी जुलै महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजीं, नाना शंकरशेट वारले. वय बासष्ट. शहरांत रोज नवें दिवाळें ऐकूं येत होतें, आणि त्याच शहरांतील ज्या ओसरीवर परदेशी व्यापारी विश्वासानें ठेवी ठेवीत त्या ओसरीचा धनी गेला. त्यांच्या पुढाकारानें ज्याची तयारी सुरू झाली होती तें भायखळ्याचें वस्तुसंग्रहालय अद्याप पुरें व्हावयाचें होतें. तें १८७२ सालीं लोकांस खुलें झालें. नानांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्यें आहे.

विनायकरावांनीं वडिलांच्या स्मरणार्थ विश्वविद्यालयाकडे निधि दिला, आणि त्यांतून प्रवेशपरीक्षेंत संस्कृत विषयांत श्रेष्ठ ठरणाऱ्या विद्यार्थ्यांस जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळूं लागली. दरवर्षीं जूनमध्यें ती कोणास मिळाली हें वर्तमानपत्रांत पाहण्याची पुष्कळ घरांत चाल होती. १९१२ सालीं ती कुलाबा जिल्ह्यांतील एका मुलास मिळाली. तो मुलगा म्हणजे चिंतामणराव देशमुख. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि देशाच्या नोटांवर त्यांची सही येऊं लागली.